सायकल कंपनीतलं दूध

माझ्या विद्यार्थ्यांना मी बरी वाटायचे, पण मी शिकवायचे तो विषय मात्र कुणालाच आवडायचा नाही. ही तक्रार नाही. रोज दोडका वाढणाऱ्या आईला जशी सवय होते, तशी मलाही झाली होती. कोठी भागात, जामबागच्या जवळ आमचं कॉलेज. तिथल्या पहिल्या मजल्यावरच्या लॅबमध्ये मी एमबीएच्या मुलांना उद्योगधंदा चालवण्याचं सॉफ्टवेअर शिकवत असे. मागच्याच वर्षी निवृत्त झाले.

"म्हणजे नेमकं काय करता हो तुम्ही?" असं बरकतपुऱ्यातली माझी शेजारीण विचारायची. तिला मी घरचंच उदाहरण द्यायचे. समजा, तुमच्या यजमानांनी फोनवर कुणाला म्हटलं, 'रविवारी जेवायलाच या सगळे.' त्यांनी फोन ठेवायच्या आत तुमच्या डब्यातले तांदूळ त्या पाहुण्यांच्या नावाने बाजूला पडले, डाळ कमी पडणार म्हणून वाण्याकडे निरोप गेला, सिलिंडर रविवारपर्यंत पुरेल की नाही ते कळलं, महिन्याच्या खर्चात भर पडली आणि यातलं काहीच कुणी कुणाला सांगावं लागलं नाही, तर?

शेजारीण विचार करून म्हणाली, "मग आम्ही भांडायचं कशावरून?"

अगदी बरोबर. कारखान्यात विक्रीवाला, गोडाऊनवाला, खरेदीवाला आणि हिशेबवाला यांची रोजची भांडणं असतात. प्रत्येकाचं रजिस्टर वेगळं आणि प्रत्येकाचं खरं वेगळं. हे सॉफ्टवेअर सगळ्यांना एकाच रजिस्टरात लिहायला लावतं. एकाने लिहिलं की ते सगळ्यांना दिसतं.

माझे वडील नांदेडकडून रेल्वेच्या नोकरीसाठी सिकंदराबादला आले आणि इथलेच झाले. मी बी.कॉम. होऊन बालानगरच्या एका पंपांच्या कारखान्यात गोडाऊनला लागले. तिथे हे सॉफ्टवेअर आलं तेव्हा पहिल्या दिवशी मी पडद्यासमोर बसले होते. वरच्या मजल्यावर कुणीतरी एक ऑर्डर टाकली आणि माझ्यासमोर, मी बोटही न लावता, पंपांच्या पात्यांची मागणी उभी राहिली. माझ्या अंगावर काटा आला. इतकी माणसं, इतक्या भिंती, आणि मधून हे एक पाणी वाहतंय! पुढे मी शिकवायला आले ती त्या काट्यापायीच. पण काटा काही शिकवता येत नाही. शिकवता येतात ते कोड, खिडक्या आणि रकाने.

लॅबमध्ये सरावासाठी एक खोटी कंपनी असते. आमची सायकलची होती. मुलं तिच्यात सायकली बनवायची, विकायची, चाकं मागवायची. एकाने एकदा टायर नगांऐवजी टनांत मागवले. दोन सायकलींसाठी टायरांचा डोंगर! सॉफ्टवेअरने निमूटपणे ऑर्डर पुढे पाठवली. मी त्याला विचारलं, "हे टायर ठेवणार कुठे?" तो म्हणाला, "मॅडम, कंपनीच नाही आहे, तर टायर कुठून येणार?" दुखणं तिथेच होतं. त्या सायकलीवर कधी कुणी बसलेलं नव्हतं.

माझ्या एका सहकाऱ्याने पीएचडीसाठी विषय घेतला होता, विद्यार्थी हे सॉफ्टवेअर कितपत स्वीकारतात. तो प्रश्नावली वाटायचा. 'हे वापरायला सोपं वाटतं का', 'पुढे उपयोगी पडेल का' वगैरे. मुलं भराभर खुणा करायची आणि कँटीनला पळायची. इम्रान नावाच्या मुलाने मात्र शेवटच्या कोऱ्या जागेत एक ओळ लिहिली. सहकाऱ्याने ती हसत मला दाखवली. "ये सॉफ्टवेअर सास है. सब देखती, कुछ समझाती नै, खाली लाल होती." खाली म्हणजे नुसती; काही चुकलं की पडद्यावर लाल पट्टी यायची.

इम्रान मुसी नदीच्या काठच्या वस्तीतला. घरी चपलांचं छोटं दुकान. उंच, तोंडाळ आणि वर्गात सगळ्यांचा लाडका. त्याचं बोलणं मी इथे आहे तसंच लिहिते, कारण त्याचं मराठी केलं तर तो इम्रान राहायचा नाही. तो मला म्हणायचा, "मॅडम, धंदा जबान पे चलता. मेरे अब्बा कू पूछो, कौनसा जूता किधर है, आँख बंद करके बोलते. इस डब्बे कू कायकू पूछना?"

त्याच्या शेजारी बसायची श्रीवल्ली. खम्मम जिल्ह्यातल्या गावाकडची, कमी बोलणारी; तिचं बोलणं मात्र मी मराठीतच लिहिते. तिची आई अंगणवाडीत शिक्षिका. श्रीवल्लीलाही हा विषय आवडत नव्हता, पण ती नावडत्या गोष्टीही नीट करायची. या दोघांचं एका बाबतीत पटायचं, की मॅडम चांगल्या आहेत आणि विषय फालतू आहे.

मग त्या वर्षी पावसाळा सरता सरता मुसीला पाणी आलं. वरच्या तलावांचे दरवाजे उघडले आणि काठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. आमचं कॉलेज उंचावर असल्यामुळे त्याचा तळमजल्यावरचा हॉल मदतीचं सामान ठेवायला दिला गेला. माणसांची सोय आसपासच्या शाळांत आणि फंक्शन हॉलांत केली होती. आमच्याकडे लग्नकार्यालयाला फंक्शन हॉल म्हणतात. वर्ग बंद होते, पण मुलं आपणहून आली. इम्रानच्या दुकानात पाणी होतं, घरातही होतं. आई-वडिलांना मामाकडे पोचवून तोही आला.

लोकांनी भरभरून दिलं. टेम्पो येत होते, रिकामे होत होते. पण त्या हॉलमध्ये जे चाललं होतं त्याला एकच शब्द आहे, गोंधळ. एका शाळेत ब्रेड तीनदा गेला, दुसऱ्या शाळेत एकदाही नाही. कोपऱ्यात ब्लँकेटं छताला लागली होती आणि ती आहेत हे कुणाला ठाऊक नव्हतं. प्रत्येक मुलगा आपापल्या फोनवर काहीतरी टिपून घेत होता. इम्रान घसा बसेपर्यंत ओरडत होता. धंदा जबानीवर चालतो खरा, पण इथे जबानी फार झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो एका फंक्शन हॉलवरून परत आला तो थेट माझ्यासमोर उभा राहिला. "मॅडम, इधर कंबल का पहाड है. उधर बच्चे गिल्ले में सो रे."

मी काही बोलणार एवढ्यात त्याच्या मागून श्रीवल्ली म्हणाली, "मॅडम, लॅब उघडता का?"

"कशाला गं?"

"कंपनी उघडू या."

मी किल्ली काढली. इतक्या वर्षांत परीक्षेशिवाय ती लॅब उघडायला मला कुणी सांगितलं नव्हतं.

नवी कंपनी उभी करायची तर आठवडा लागतो. म्हणून मुलांनी सायकलचीच कंपनी घेतली. सायकलींच्या खाली नव्या वस्तू टाकल्या: ब्लँकेट, तांदूळ, बिस्किटं, बाळांच्या दुधाच्या पावडरचे डबे. ग्राहक म्हणून शाळा आणि फंक्शन हॉल टाकले. किंमत शून्य ठेवायला सॉफ्टवेअर तयार होईना, म्हणून प्रत्येक वस्तूला एक रुपया लावला. गाडीसोबत जाणाऱ्या प्रत्येक चिठ्ठीवर वर सायकल कंपनीचं नाव छापलं जायचं. एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी फोन करून विचारलं, "सामान मिळालं, पण सायकली कधी येणार?"

श्रीवल्लीने एक नियम घातला. लहान बाळांसाठीचं काहीही नुसतं मोजून बाहेर जाणार नाही. ज्या गाडीतून आलं त्या गाडीच्या मालाला एक नंबर द्यायचा, तो प्रत्येक डब्यावर मार्करने लिहायचा आणि डबा कोणत्या बाईला दिला तिचं नावही टाकायचं. व्यवहारात याला बॅच म्हणतात. एकत्र आलेला माल एकत्र ओळखता यावा, एवढाच त्याचा अर्थ. तिच्या आईने अंगणवाडीत मुदत उलटलेली पाकिटं एकदा पाहिली होती आणि ती कुठून आली ते कुणाला सांगता आलं नव्हतं. ती गोष्ट ऐकत श्रीवल्ली मोठी झाली होती.

इम्रानला हे पटलं नाही. दुपारी एक टेम्पो दारात उभा होता, दुधाचे डबे चढवायचे होते आणि पडदा लाल झाला. डबे हॉलमध्ये होते, पण आल्याची नोंद झाली नव्हती, म्हणून सॉफ्टवेअरच्या मते डबे नव्हतेच. इम्रान जिने चढून वर आला आणि टेबलावर हात आपटला. "बच्चा उधर भूका है, और ये लाल बत्ती दिखा री! मेरे आँखों के सामने डब्बे रखे हैं मॅडम!"

माझ्या ओठांवर आलं होतं, जाऊ दे, नेऊ दे, मागून लिहू. पण श्रीवल्ली वर न बघता म्हणाली, "तू खाली जा. एकेक डब्यावर नंबर लिही आणि मोठ्याने वाच. मी टाकते."

तो धुसफुसत गेला. मग खालून त्याचा बसलेला आवाज यायला लागला, जिन्यात उभी असलेली मुलगी तो वर पोचवायची आणि श्रीवल्लीची बोटं चालायची. टेम्पोत डबे चढायला जेवढा वेळ लागला तेवढ्यातच नोंदही झाली. पडद्यावरचं लाल गेलं. त्यानंतर इम्रान खाली नंबर वाचायला दुसऱ्या कुणाला बसू देईना. म्हणे, दुसरे चुकतात.

दुधाच्या टेम्पोबरोबर डबे वाटायलाही तोच जायचा आणि संध्याकाळी लॅबमध्ये येऊन दिवसभराची नावं स्वतः टाकायचा. मी मागे उभी राहून पाहिलं. नावाच्या पुढे शेरा लिहायला एक रकाना असतो. वर्गात तो कुणी कधी भरला नाही, मीही सांगितलं नाही. इम्रान तो भरत होता. 'बाएँ पाँव में पट्टी.' 'तीन बच्चे, छोटा गोद में.' 'कल भाई के घर जाते बोले, अंबरपेट, आटे की चक्की के पीछे.'

"हे कशाला लिहितोस?" मी विचारलं.

"वो बोले मॅडम. बोले तो लिखना ना."

पाणी ओसरू लागलं तशी माणसं घरी किंवा नातलगांकडे परतू लागली. आम्हालाही वाटलं, संपलं. अशा एका सकाळी एका शाळेतून डॉक्टरबाईंचा फोन आला. दोन बाळांना उलट्या होत होत्या. आदल्या दिवशी उघडलेल्या डब्यातली पावडर ओलसर होती, वास येत होता, डब्याचा तळ गंजला होता. बहुतेक कुणाच्या तरी दुकानात पाणी शिरून भिजलेला माल कोरड्या मालात मिसळून आला होता. देणाऱ्याच्या मनात पाप असेल असं मला आजही वाटत नाही.

"डब्यावर मार्करने एक नंबर लिहिलाय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुमचाच का?"

इम्रानने माझ्या हातातून फोन घेतला. नंबर ऐकला, खुर्ची ओढली आणि टाइप करू लागला. त्याच्या मागे आम्ही सगळे उभे होतो. त्याने बटण दाबलं.

पडद्यावर आधी एक ओळ आली: तो टेम्पो. मग तिच्यातून फांद्या फुटल्या: दोन शाळा, एक फंक्शन हॉल. मग प्रत्येक फांदीतून नावं. रेहाना बेगम. यादम्मा. लक्ष्मी. फरजाना. नावांखाली नावं, आणि प्रत्येक नावापुढे इम्रानने लिहिलेलं काहीतरी. पावडरचा एकेक डबा कुठे आहे, कुणाच्या हातात आहे, कोणत्या बाळाच्या उशाशी आहे ते आमच्यासमोर उलगडत गेलं. मी वर्षानुवर्षं हे बटण शिकवत आले होते. त्याच्या मागे असं काही उभं राहत असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. कारखान्यातल्या पहिल्या दिवशी आला तो काटा पुन्हा आला, आणि या वेळी तो मला एकटीला आला नव्हता.

"चलो," इम्रान म्हणाला, आणि उठला.

मुलं दुचाकींवरून पांगली. प्रत्येकाकडे चार-दोन नावं आणि तेवढेच चांगले डबे. श्रीवल्ली लॅबमध्ये थांबली. डबा परत मिळाला की फोन यायचा आणि ती त्या नावासमोर नोंद करायची. दुपार व्हायच्या आत जवळजवळ सगळे डबे परत आले. काही तर अजून उघडलेही नव्हते. एक उरला. नाव होतं शोभा. शाळेतून ती निघून गेली होती. पण शेरा होता: अंबरपेट, आटे की चक्की के पीछे.

"ये तुम्हारे तरफ की है मॅडम," इम्रान म्हणाला. "तेलुगू नै आती, हिंदी बी थोडी थोडी. आप चलो."

मी त्याच्या स्कूटरवर मागे बसले. गल्ल्यांत अजून चिखल होता, भिंतींवर पाण्याची रेघ होती. पिठाच्या गिरणीमागे पत्र्याच्या खोल्यांची ओळ. तिसऱ्या दारात एक तरुण बाई बसली होती. मांडीवर बाळ, शेजारी स्टोव्हवर पाणी, आणि हातात आमचा डबा. झाकण उघडलेलं होतं.

"शोभाताई, थांबा!" मी स्कूटरवरूनच ओरडले.

ती दचकली. डबा छातीशी धरून उभी राहिली. मी धापा टाकत सांगितलं, तो डबा चांगला नाही, परत द्या.

"दिल्यालं परत घेता व्हय?" ती म्हणाली. "आजच फोडलाय. काल शेजारनीनं दूध दिलं म्हून ह्ये ठिवलं हुतं जपून."

"नवा आणलाय तुमच्यासाठी. हा बघा. तो नासलाय. दोन लेकरं आजारी पडलीत."

तिने डब्यात पाहिलं, नाकाजवळ नेला आणि तिचा चेहरा बदलला. झाकण लावून तिने तो इम्रानच्या हातात दिला, जणू विस्तव दिला. इम्रानने तळ पाहिला. गंजला होता. त्याने तो डबा दोन्ही हातांनी धरला आणि तिथेच चिखलात खाली बसला. कॉलेजमध्ये सगळ्यांना हसवणारा तो मुलगा हुंदके देऊन रडत होता.

शोभा गोंधळली. "ह्येला काय झालं?"

"काही नाही," मी म्हटलं. "वेळेवर पोचलो, म्हणून."

तिने आम्हाला आत बोलावलं. नांदेडजवळच्या लोह्याकडची होती. नवरा बांधकामावर. भिंतीवर बुद्धाची छोटी तसबीर होती. पाणी शिरलं तेव्हा एका हातात लेकरू आणि एका हातात ती तसबीर घेऊन निघाल्याचं तिने सांगितलं. आमच्या सिकंदराबादच्या घरातही तशीच तसबीर होती. मग शोभा म्हणाली, "पर ताई, म्या हितं हाय ह्ये तुमाला सांगितलं कुनी? म्या तर कुनालाबी सांगून आले न्हाई."

मी इम्रानकडे बोट दाखवलं. "याला सांगितलं होतं की तुम्ही. याने लिहून ठेवलं."

"माजं नाव?"

"हो. कंप्युटरात."

इम्रानने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले आणि फोन लावला. "श्रीवल्ली, आखरी डब्बा मिल गया. एंट्री मार." नंतर कळलं, नोंद करून तीही टेबलावर डोकं ठेवून रडली होती.

ती दोन बाळं हॉस्पिटलात राहून बरी झाली, दोन्ही आपापल्या घरी गेली. शोभाच्या बाळाने त्या पावडरचा एक घोटही घेतला नव्हता. इम्रान पुढे पास झाला, आता एका औषधांच्या कंपनीत गोडाऊनचं सॉफ्टवेअर बघतो. श्रीवल्ली बेंगळुरूला आहे. त्यांच्यानंतर आलेल्या मुलांनाही माझा विषय आवडला नाही. मीही त्यांना ही गोष्ट फारशी सांगितली नाही, कारण सांगून ती त्यांची होणार नव्हती. याची मात्र मला थोडी खंत वाटते.

पण त्या दुपारचं अजून एक राहिलं. आम्ही निघालो, स्कूटर सुरू झाली, तेव्हा शोभा दारापर्यंत धावत आली. नव्या डब्यातलं दूध पिऊन बाळ तिच्या खांद्यावर झोपलं होतं.

"ओ ताई," ती म्हणाली, "माजं नाव लिवलं. हिचं न्हाई ना लिवलं?"

इम्रानने स्कूटर बंद केली. "क्या नाम है बच्ची का?"

"अजून ठिवलं न्हवतं. बारसं ऱ्हायलं पान्यानं." तिने बाळाच्या डोक्यावरून हात फिरवला, क्षणभर विचार केला. "सुजाता लिवा."

सुजाता म्हटल्यावर मला उपासाने खंगलेल्या बुद्धाला खीर देणारी ती बाई आठवली. शोभाच्याही मनात तीच होती की काय, मी विचारलं नाही. इम्रानने पुन्हा फोन लावला आणि एकेक अक्षर सावकाश उच्चारून, श्रीवल्लीकडून लिहून घेतलं.